गेलेल्यांचं पान आधी वाढा

एक घर मराठी हिंदू, दुसरं गोव्याचं कॅथलिक. हॉल ठरतो, चर्चची तारीख मिळते, दोन्हीकडच्या जेवणांचे मेनू ठरतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "आजींचं काय करायचं?" आजी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या असतात, मुलाचे वडील त्याआधीच. त्यावर मोबाइलमधून कल्पना निघतात: रिकामी खुर्ची, आकाशात सोडायचे फुगे, रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर फोटोंची चित्रफीत. यातलं बहुतेक मराठी हॉलमध्ये फसतं. त्याची गरजही नसते, कारण गेलेल्यांना बोलावण्याची सोय दोन्ही घरांच्या रीतीत आधीपासून आहे, आणि दोन्हीकडे ती लग्नाच्या दिवसाआधीची आहे. आपल्याकडे नांदीश्राद्ध, गोव्यात भिकाऱ्यांचें जेवण. पूर्वजांचं आधी उरकायचं आणि मग वाजतगाजत मांडवात जायचं, हा दोन्हीकडचा क्रम. तो पाळला तर लग्नाच्या दिवशी फार थोडं करावं लागतं.

नांदीश्राद्धाची गोष्ट आधी, कारण त्यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नावात 'श्राद्ध' असल्यामुळे घरातलेच लोक दचकतात, व्याही तर दचकतातच. प्रत्यक्षात ते मंगलश्राद्ध आहे आणि नेहमीच्या श्राद्धाच्या जवळजवळ सगळ्या खुणा त्यात उलट्या होतात. जानवं अपसव्य (उजव्या खांद्यावर) नाही, सव्यच (डाव्या). तीळ नाहीत, त्यांच्या जागी जव. दर्भाऐवजी दूर्वा. 'स्वधा' न म्हणता 'स्वाहा'. वेळ सकाळची, तोंड पूर्वेला. आणि सगळ्यात सुंदर बदल म्हणजे नावांचा क्रम: एरवी वडील-आजोबा-पणजोबा आधी येतात, इथे आई-आजी-पणजी आधी. मग वडिलांकडचे तिघे, मग आईच्या माहेरचे तिघे त्यांच्या पत्नींसह. या सगळ्यांना नांदीमुख, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचे पितर म्हणतात. सामानाच्या यादीत 'श्राद्ध' वाचून कुणीतरी हमखास काळे तीळ घेऊन येतं. ते तसेच परत जातात. आणायचं ते जव, दूर्वा, तांदूळ, सुपाऱ्या, मनुका, आवळा (सुका चालतो) आणि सुटी नाणी. हल्ली पिंड वगैरे न करता दक्षिणा देऊनच हा विधी होतो आणि पुण्याहवाचनाला जोडून थोड्या वेळात आटोपतो.

गुरुजींना द्यायचा कागद मात्र नीट करा. तीन पिढ्यांची नावं, गोत्र, आणि प्रत्येक नावापुढे हयात की नाही. हयात माणसाचं नाव यात घेत नाहीत, आणि आजोबा आहेत पण आजी नाहीत अशा वेळी कोणता गट घ्यायचा हे गुरुजी ठरवतात. त्यासाठी ही माहिती आधी हवी. पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नाही, हे जवळजवळ ठरलेलं. जुन्या पत्रिका, सातबारा, पणजोबांचं मृत्युपत्र, गावच्या उपाध्यांची वही इथे शोधा, आणि हा शोध लग्नाच्या आठवड्यात नको, दोन महिने आधी घ्या. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, अशी सोय शास्त्रातच आहे.

आंतरधर्मीय लग्नात याचा एक मोठा फायदा आहे. पाणिग्रहण, सप्तपदी करायला एखादे गुरुजी नकार देऊ शकतात, व्याह्यांना गोत्र नाही म्हणून अडून बसू शकतात. नांदीश्राद्धात मात्र समोरच्या घराचा संबंधच येत नाही. ते आपल्या घराने आपल्या माणसांसाठी करायचं असतं, त्यामुळे त्याला हरकत घ्यायला कुणाला जागाच उरत नाही. शिवाय ते लग्नाआधी दहा दिवसांपर्यंत करता येतं. जुन्या श्लोकात यज्ञाला एकवीस, लग्नाला दहा, मुंजीला सहा आणि चौलाला, म्हणजे जावळाला, तीन दिवस अशी मुदत दिली आहे. एकदा नांदी झाली की नंतर आलेलं सुतक त्या कार्याला आड येत नाही. चर्चची तारीख बदलता येत नसते आणि एखादं वयस्क माणूस हॉस्पिटलमध्ये असतं, अशा घरात हा नियम किती उपयोगाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

ज्या घरांत पुण्याहवाचन नाही, देवक आहे, तिथे जागा वेगळी, अर्थ तोच. देवघरात कुलदेवतेच्या टाकांबरोबर (प्रतिमा उठवलेल्या धातूच्या छोट्या पत्र्यांबरोबर) पूर्वजांचे टाकही असतात. हळदीच्या दिवशी पहिलं बोट त्यांना लागतं, मग नवऱ्याला किंवा नवरीला. होणाऱ्या सासरच्या मंडळींना एवढंच दाखवा. टाक हातात घेऊन 'हे आमचे पणजोबा' म्हटलं की चित्रफितीपेक्षा जास्त कळतं.

गोव्याच्या बाजूला भिकाऱ्यांचें जेवण. लग्नाच्या आधीच्या दिवसांत, रोस (वधूवरांना नारळाचा रस लावून न्हाऊ घालायचा विधी) व्हायच्या अगोदर, गावातल्या गरिबांना घरी बोलावून, घरातल्या मृतांच्या नावाने जेवू घालायचं. प्रार्थना होते, गेलेल्यांची नावं घेतली जातात, पंगत बसते. नांदीश्राद्धाच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की दोन्ही घरांना आपण एकच गोष्ट करतोय हे कुणी न सांगता कळतं. शहरात राहणाऱ्या कुटुंबांना दारात बोलावण्यासारखं कुणी मिळत नाही, आणि 'भिकारी' हा शब्दही आता जिभेवर जड होतो. मग हे जेवण वृद्धाश्रमात नेतात, आणि तेव्हा दोन्ही घरांनी मिळून न्यावं असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडची नावं एकाच कागदावर, वाचायला एक माणूस.

पन्नास जणांसाठी चार किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ, चिरून सहा किलो भरेल इतकी भाजी, आणि शेवयांच्या खिरीला सहा लिटर दूध नि सहाशे ग्रॅम शेवया पुरतात. म्हातारी माणसं कमी जेवतात. मीठ-तिखट बेताचं ठेवा. खीर दोन पातेल्यांत करा, एक बिनसाखरेची, कारण मधुमेही निम्मे तरी निघतात. मासळी न्यायची असेल तर आधी विचारा. आणि दिवस आधी ठरवून ठेवा: पितृपक्षात आणि २ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या दिवसाच्या आसपास अन्नदानाच्या तारखा भरलेल्या असतात, तर एरवी मंगळवारी कुणी फिरकत नाही. मंगळवार घ्या.

आता चर्च. इथे एक चूक वारंवार होते. कॅथलिक कुटुंबाला वाटतं, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मृतांची आठवण असतेच, तिथे नाव घेतलं जाईल. पण वधू किंवा वर बाप्तिस्मा न झालेला असेल तर आधी बिशपांची परवानगी लागते, आणि लग्नविधी मिस्सेशिवाय होतो: वाचनं, प्रवचन, वचनं, अंगठ्या, प्रार्थना, आशीर्वाद. ज्या मोठ्या प्रार्थनेत मृतांचं स्मरण येतं ती प्रार्थनाच त्या दिवशी नसते. नाव घ्यायची एकच जागा उरते, सर्वांसाठीच्या विनंत्या. त्यात मृतांसाठीची विनंती बहुधा शेवटी येते आणि प्रत्येक विनंतीनंतर लोक म्हणतात, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' विनंती एका वाक्याची ठेवा, नावं फार तर चार, दोन्ही घरांची मिसळून. साधारण अशी: 'आज आमच्यात नसलेल्या मालतीआजी, जुझे पपा आणि दोन्ही कुटुंबांतील सर्व मृतांसाठी, त्यांना चिरशांती लाभो म्हणून आपण प्रार्थना करूया.' आडनावांची यादी वाचू नका, ती शोकसभा वाटते. वाचणाऱ्याला कागद मोठ्या अक्षरात द्या आणि नावाचा उच्चार फोनवर एकदा ऐकवा; मराठी मुलीकडून पोर्तुगीज वळणाचं नाव आणि गोव्याच्या मावशीकडून 'ज्ञानेश्वर' अडखळत येतं, नेमकं त्याच क्षणी. मजकूर फादरना दोन आठवडे आधी दाखवा. मिस्सा हवीच असेल तर त्याच आठवड्यात वेगळी स्मरणमिस्सा सांगून ठेवा. तिला हिंदू कुटुंब मागे बसून हजर राहू शकतं.

वेदीवर फोटो ठेवू देत नाहीत, तो हट्ट धरू नका. मारियामातेच्या मूर्तीपाशी वधूवरांनी फुलं वाहायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. गेलेल्या आजीच्या आवडीचं फूल त्या गुच्छात घातलं तर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मोगरा देठ लहान असल्याने गुच्छात टिकत नाही, गळून पडतो. त्याचा गजरा करून गुच्छाच्या दांड्याला गुंडाळा.

त्याच दांड्याला आजीची रोझरीही बांधतात. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, रोझरीला एकूण ५९ मणी असतात, आणि जुन्या रोझरीत ते तारेच्या कड्यांनी जोडलेले असतात. ओली देठं आणि जुनी चांदी यांचं जमत नाही, आणि ताण आला की कडी उघडते. म्हणून देठं पुसून कोरडी करा, फुलवाल्याकडची हिरवी पट्टी गुंडाळा, तिच्यावर साटीनची फीत, आणि मग रोझरी सैल दोन वेढे देऊन दोऱ्याने दोन जागी बांधा, क्रूस समोर लोंबता राहील असा. गुच्छ मागे फेकायचा असेल तर रोझरी आधी सोडवून घ्यायचं काम एका बहिणीवर नाव घेऊन टाका. 'कुणीतरी काढेल' म्हटलं की ती फेकली जाते.

आपल्याकडे याला तोडीस तोड म्हणजे आजीच्या लुगड्याचा अंतरपाट. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर. चार पदरी घडी घातली की बरोबर दोन मीटरच्या आसपास लांबी येते, पन्हा सव्वा मीटरच्या आत असतो, म्हणजे न कापता अंतरपाट तयार. कडांना कच्चा टाका घाला, नंतर उसवून लुगडं परत कपाटात. अडचण रेशमाची असते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवर तडकतं, आणि अंतरपाट धरणारे दोघे भटजींची मंगलाष्टकं लांबली की नकळत ताणायला लागतात. लुगडं आधी उजेडासमोर धरून बघा. कासोट्याचा भाग आणि खालचा काठ सगळ्यात विरलेला असतो, तो आतल्या पदरात जाऊ द्या. वरच्या कडेला दोन इंचांची नळी शिवून तिच्यातून हलकी काठी घाला, म्हणजे माणसं काठी धरतील, कापड नाही. फारच विरलं असेल तर पांढऱ्या मलमलीचा अंतरपाट करून त्याला फक्त लुगड्याचे काठ लावा. गुरुजींनाही पांढरा दिसला की बरं वाटतं. स्वस्तिक ओल्या कुंकवाने काढू नका, रेशमावरून तो डाग जात नाही. लाल दोऱ्याने भरा, किंवा वेगळ्या सुती तुकड्यावर काढून टाचा.

मंगलाष्टकांत नाव घालायची हौस चांगली आहे, पण तिथे वृत्त आडवं येतं. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात: ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा, मग सात. 'कुर्यात् सदा मंगलम्' ही ती सात, म्हणून शेवटच्या ओळीत आपल्याला बाराच मिळतात. उदाहरणादाखल ही ओळ:

आजी आज कुठे असेल बसली, डोळे पुसूनी सुखे

मोजून बघा, बारा आणि सात. आता आजीचं नावच घालायचं असेल तर 'मालती'सारखं गुरू-लघु-गुरू नाव सहाव्या, चौदाव्या किंवा सतराव्या अक्षरापासून बसतं. 'सुमन' मात्र तीन लघु, आणि अख्ख्या ओळीत सलग तीन लघु एकाच ठिकाणी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. हे न पाहता लिहिलं की म्हणणारी बाई अडखळते आणि सनईवाला आधीच सुरू होतो. जुझे, मारिया, कॉन्सेसांव यांनाही गण असतातच. मारिया मालतीच्या जागी सहज जाते. स्मरणाचं कडवं दुसरं किंवा तिसरं ठेवा. शेवटच्या कडव्याला सगळ्यांचं लक्ष मुठीतल्या अक्षतांकडे असतं.

पत्रिकेबद्दल थोडक्यात. 'कै.' म्हणजे कैलासवासी, तेव्हा कॅथलिक वडिलांच्या नावामागे तो लावू नका. मराठी ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तवासी' लिहितात. दोन्हीकडे 'स्व.' लावून सरसकट करणं मला मिळमिळीत वाटतं, पण जागा कमी असेल तर चालेल. गेलेलं माणूस 'यांची नात', 'यांचे सुपुत्र' इथे येतं. 'निमंत्रक' आणि 'आपले नम्र' इथे येत नाही. दोन भाषांच्या पत्रिकेत इंग्रजी बाजूला हटकून ही चूक राहते आणि स्वर्गवासी आजोबा आग्रहाचं आमंत्रण देतात.

आता ती रिकामी खुर्ची. पाचशे माणसांच्या कार्यालयात पहिल्या रांगेतली फूल ठेवलेली खुर्ची पाच मिनिटंसुद्धा रिकामी राहत नाही. कुणीतरी काका फूल उचलून बाजूला ठेवतात आणि बसतात. त्यांना उठवायला जाणार कोण? चर्चमध्ये मात्र हे जमतं. बाकाच्या टोकाची जागा, फितीने बांधलेली, फितीतच फूल अडकवलेलं.

फोटो ठेवायचा तर कार्यालयाच्या दारापाशी, स्टेजवर नाही. पासपोर्टचा जुना फोटो असेल तर ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, १२०० डीपीआयवर स्कॅन केला की साडेपाच बाय सात इंचांपर्यंत नीट छापता येतो. त्याहून मोठा केला की चेहरा विरघळतो. मॅट कागद घ्या, काचेवर मांडवाचे दिवे चमकतात हे खरं, पण काच ठेवाच. कारण मराठी बाजूची एखादी काकू येता येता भक्तिभावाने कुंकवाचं बोट टेकवणार, कॅथलिक आजीलासुद्धा, आणि ते पुसायला काच हवी. हार एकाच्या फोटोला आणि दुसऱ्याला नाही असं होऊ देऊ नका. दोघांपुढे एकेक फूल, पुरे. पंख्याखाली समई टिकत नाही आणि मेणबत्तीजवळून साड्यांचे पदर जातात, तेव्हा काचेच्या चिमणीतला दिवा ठेवा.

सगळ्यात अवघड प्रश्न फोटोचा नसतोच, मागे राहिलेल्या जोडीदाराचा असतो. विधुर बापाने पत्नीच्या जागी कमरेला सुपारी लावून विधी केला तर कुणी काही बोलत नाही, आणि विधवा आईला मात्र 'तुम्ही जरा मागे बसा' म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादान कोणी करावं त्याचा क्रम दिलाय: पिता, पितामह, भाऊ, कुळातला माणूस आणि जननी. आईचं नाव यादीत आहे, हे गुरुजींना ठाऊक असतं. नसलं तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेल्या स्त्री पुरोहितांपैकी कुणाला विचारा. कॅथलिक विधीत तर मुलगी 'कोण देतो' हा प्रश्नच नाही, तेव्हा वेदीपर्यंत आईने सोबत चालायला काहीच आडकाठी नाही. चुड्याचंही तसंच. गोव्यात चुडो, आपल्याकडे हिरवा चुडा, आणि दोन्हीकडे तो नवऱ्यामागे उतरवला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करायचा ठराव केला. मुलीच्या चुड्याच्या दिवशी आईने बांगड्या भरल्या तर लग्नघराला ठरावाचीही गरज नाही. कासाराला आईच्या मापाच्या डझनभर आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ऐनवेळी 'नाहीत' म्हणतो आणि सगळे सुटल्यासारखे गप्प बसतात.

शेवटचं, जे हयात आहेत पण येऊ शकत नाहीत त्यांच्याबद्दल. त्यांचा फोटो गेलेल्यांच्या टेबलावर चुकूनही ठेवू नका. अंथरुणावरच्या मावशीला तो व्हिडिओ कॉलवर दिसतो. त्यांना कुरिअरने पत्रिकेबरोबर अक्षता पाठवा, परदेशात असतील तर तांदूळ पाठवू नका, तिथलाच अखंड तांदूळ कुंकू आणि तुपाचं बोट लावून घ्यायला सांगा. दुपारी सव्वाबाराचा मुहूर्त न्यू यॉर्कला हिवाळ्यात पहाटे पावणेदोनला आणि उन्हाळ्यात पावणेतीनला पडतो, तेव्हा गजर त्यांना आदल्या रात्री लावायला सांगा. फोन धरायला ज्याला दुसरं काहीच काम नाही असा एखादा चुलतभाऊ नेमा, फोटोग्राफर नको. कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका. आणि तिकडचा आवाज सुरूच ठेवा. 'सावधान' म्हटल्यावर फोनमधून मुठीतले तांदूळ स्क्रीनवर पडल्याचा आवाज येतो, तो इकडे ऐकू आला पाहिजे.